लाल माझा, पांढरा तुझा

आर्णी,
१ मार्च

प्रिय राजदीप,

सप्रेम जयभीम.

फोन केला की तू 'हो', 'बरं' आणि 'ठेवतो' एवढे तीन शब्द खर्च करतोस आणि सुटतोस. म्हणून कागद घेतला. कागदावर तुला 'नेटवर्क जाऊन राह्यलं' म्हणता येणार नाही. जैसलमेरच्या वाळूत तुमच्या सोलरच्या साइटवर पोस्टमन येतो की नाही कोण जाणे, पण स्पीड पोस्टवाला म्हणाला जाईल, तेव्हा त्याच्या भरवशावर लिहिते.

आपल्याकडे ऊन आत्ताच डोक्यावर बसलं आहे. आईंचे गुडघे आहेत तसेच आहेत. जेवतात, टीव्ही बघतात, माझ्या पोळ्यांना नावं ठेवतात, म्हणजे प्रकृती ठीक समजायची. पण एक गोष्ट तुला सांगायला हवी. तुझ्या आईला फाशांचा आवाज येतो.

परवा दुपारी मागच्या पडवीत कपडे वाळत घालून मी भाकरी टाकायला आत आले. पाहते तर आई पडवीच्या दाराला कान लावून उभ्या.

"आयकू येऊन राह्यलं का वं?"

"काय, आई?"

"फासे. पोट्टी खेळून राह्यली."

मी म्हटलं, उंदीर असेल. तर म्हणाल्या, "उंदीर असा थांबून थांबून वाजत नाई. हे टाकते, पाहते, मंग टाकते."

आपली सुरभी अशीच खेळायची. बोटं सुजली की तिला फासे मुठीत धरवत नसत, म्हणून स्टीलच्या गिलासात खळखळ हलवून पाटावर ओतायची, वाकून बघायची आणि मग पुन्हा गिलास उचलायची. डिसेंबरात ती गेल्यापासून आई तिच्या खाटेवर कोणाला बसू देत नाहीत. आता हा आवाज. मला काही ऐकू येत नाही, असं मी त्यांना सांगितलं.

एक विचारू? रागानं विचारत नाही. सापशिडीच्या डब्यातले ते दोन फासे, लाल आणि पांढरा, तू नेलेस का? दिवाळीनंतर ते दिसलेच नाहीत. तेव्हा मी फार शोधलेही नाहीत. आता शोधते आहे.

शाळेत दहावीची उजळणी चालू आहे. काल संभाव्यता घेतली. शेवटच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, दोन फाशांची बेरीज दोनपासून बारापर्यंत येते. म्हणजे अकरा उत्तरं. मग सात यायची संभाव्यता अकरात एक!" दरवर्षी कोणीतरी हे म्हणतंच. मी फळ्यावर आडव्या सहा, उभ्या सहा अशी छत्तीस घरं आखली. लाल खडू, पांढरा खडू. लाल तीन-पांढरा चार वेगळं, लाल चार-पांढरा तीन वेगळं. सातची सहा घरं भरली आणि माझा हात तिथंच थांबला. हे सुरभीला दुसरीतच कळलं होतं. म्हणायची, "लाल तुझा, पांढरा बाबाचा, मंग एकसारखे कसे राहातीन?" मुलं वाट बघत होती. मी खडू बदलायचं निमित्त केलं.

मला सध्या ॲसिडिटी झाली आहे. फोडणीचा वास सहन होत नाही. आमची विज्ञानाची दीपा रोज चिंचा आणून देते आणि माझ्याकडे बघून हसते. तिला हसायला काय जातं.

उन्हात टोपी घालत जा.

अर्पिता


आर्णी,
१५ मार्च

प्रिय राजदीप,

जयभीम.

पत्र मिळालं म्हणालास. फाशांचं विचारलं तर गप्प झालास आणि मग तुझं ते 'ठेवतो'. ठेव बाबा.

मागच्या पत्रात मी दोन खोट्या गोष्टी लिहिल्या. आवाज मलाही येतो. टक, मग सरकल्यासारखं काहीतरी, मग टक. भरदुपारी, पडवीत. मी शिकलेली बाई, गणित शिकवते, तरी दार उघडायला माझा हात होत नाही. उघडलं आणि ती तिथं नसली तर?

दुसरं, ॲसिडिटी नाही.

जानेवारीत तू होतास त्या दिवसांतलं आहे हे. तेव्हा आपण एकमेकांशी बोलत नव्हतो आणि एकमेकांना सोडतही नव्हतो. मला दिवस गेलेत, राजदीप. हे वाचून तू साइटवर कुठंतरी पाठ फिरवून उभा राहशील, ते मला इथून दिसतंय. स्टँडवर बस हलली तेव्हा तू खिडकीतून म्हणालास, "माह्या हातानं आता परत नाई. माहा फासा विषमच पडते." बस गेली आणि मी तुझं वाक्य घेऊन घरी आले. तोवर हे झालेलं होतं, मला माहीत नव्हतं एवढंच.

आईंना सांगितलं. त्या रडल्या, मग हसल्या, मग त्यांनी हिशेब मांडला. "डॉक्टर काय म्हणला होता? चारात एक लेकरू सिकलवालं. ते एक होऊन गेलं आपलं. आता राह्यले तीन. तीनही चांगले." चार बोटं दाखवून त्यांनी एक मिटलं. त्यांना इतकं हलकं वाटलेलं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. आणि मी काय करावं? मास्तरणीसारखी बोलले. "नाही आई. प्रत्येक वेळी नव्यानं चारात एक. फाशाला आठवण नसते."

मिटलेलं बोट तसंच धरून त्यांनी विचारलं, "आपल्या दुखाची त्याले आठवण नाई?"

"नाही."

"मंग असा कसा फासा वं!"

फाशाला आठवण नसते हे मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. यंदा ते मला फार क्रूर वाटलं.

दिवाळीतली ती संध्याकाळ तुला आठवतेच. सुरभीचे पाय शेकून झाले होते. तिनं विचारलं, "मलेच काहून झालं?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी फासे घेतले. म्हटलं, हा लाल आईचा, हा पांढरा बाबांचा. सिकलसेल आई-बाबांच्या रक्तातून येतो. आम्हा दोघांच्या रक्तात निम्मं चांगलं, निम्मं वाईट. सम म्हणजे चांगलं, विषम म्हणजे वाईट. एक सम, एक विषम पडलं तर लेकरू आमच्यासारखं, त्याला त्रास नाही. दोन्ही सम पडले तर प्रश्नच नाही. दोन्ही विषम पडले तरच दुखणं. छत्तीस घरांत तशी नऊ घरं, चारात एक. तुझ्या वेळी दोन्ही विषम पडले, बाळा. यात तुझं काही चुकलं नाही.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग परत टाक ना."

मी टाकले. लाल तीन, पांढरा पाच. तू उठून बाहेर निघून गेलास. त्यानंतर तुझं-माझं धड बोलणं झालंच नाही.

आपल्या लग्नात आपण दोघं मिरवत होतो, आम्ही पत्रिका पाहिली नाही म्हणून. नाही पाहिली ते बरंच केलं. रक्त तेवढं पाहायला हवं होतं, पण ते आपल्याला कोणी सांगितलं नाही आणि आपण कोणाला विचारलं नाही. यात तुझा पांढरा जितका, तितकाच माझा लाल. एकट्यानं विषम पडून काहीही होत नाही. सगळा दोष स्वतःकडे ओढून घ्यायची तुझी हौस मला सुरुवातीपासून माहीत आहे, पण इथं गणित तुझ्या बाजूनं नाही.

आता कामाचं. नागपूरला पोटातल्या बाळाची तपासणी होते. बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुईनं थोडासा नमुना घेतात. मी एप्रिलच्या पहिल्या तारखेची वेळ घेतली आहे. आणि मी ठरवलं आहे: दोन्ही विषम असले तर नाही. तुझंही हेच म्हणणं असणार. तिच्या हाडांत कळा उठायच्या तेव्हा ती उशी चावायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. ते पुन्हा कोणा लेकराला मी देऊ शकत नाही.

तुझी सही लागत नाही, मी चौकशी केली. सहीसाठी बोलावत नाही. तू ये.

अर्पिता


आर्णी,
५ एप्रिल

राजदीप,

तू आला नाहीस. 'रजा नाही' असा मेसेज आला, त्यात तीनसुद्धा शब्द नव्हते.

दीपा आली बरोबर. यवतमाळला बस बदलली, दीपानं खिडकी मला दिली आणि सगळ्या वाटेत तिच्या सासूच्या गोष्टी सांगून मला हसवलं. सुई टोचताना मात्र हसू पळालं. पडद्यावर बाळ दिसत होतं. हात-पाय हलवत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिकडे बघू नका, मान वळवा." मी वळवली नाही. दोनेक आठवड्यांनी फोनवर कळवतील. जे निघेल ते निघेल, पुढचं तुम्ही ठरवायचं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी म्हटलं, ठरलेलं आहे.

हे पत्र त्यासाठी नाही. फासा सापडला.

काल देवराव कूलर बसवायला आले. तुला माहीत आहे, कूलर दसऱ्यानंतर आपण पडवीत लोखंडी स्टँडवर ठेवतो, जुनी साडी गुंडाळून. त्या स्टँडचा एक पाय आखूड आहे. आणि मी यंदा कपड्यांची दोरी त्याच स्टँडला बांधली होती. देवरावांनी दोरी सोडली, स्टँड डुगडुगलं आणि कूलरच्या पोटात वाजलं. टक. सरकलं. टक.

आई आतून ओरडल्या, "आलं! आलं आयकू?"

देवराव म्हणाले, "काही नाई मावशी, टाकीत काहीतरी पडलं हाय." वाळ्याची जाळी काढून त्यांनी हात घातला आणि लाल फासा काढून माझ्या तळहातावर ठेवला. धुळीनं माखला होता. ओले कपडे वाऱ्यानं फुगायचे, दोरी ओढली जायची, स्टँड कलायचं, फासा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायचा. एवढंच होतं. मी एवढे दिवस ज्या दाराला घाबरले, त्याच्यामागे माझेच धुतलेले कपडे होते.

हलकं वाटायला हवं होतं. मी पायरीवर बसले आणि मला इतकं रडू आलं, की बिचारे देवराव पैसे न घेता निघाले होते. आईंनी त्यांना थांबवलं.

तू बाहेर निघून गेलास त्यानंतरचं तू पाहिलेलं नाहीस, आणि मी तुला ते कधी सांगितलं नाही. तुला आणखी लागेल असं वाटलं होतं. आता ऐक.

तू गेल्यावर सुरभीनं फासे माझ्याकडून घेतले. गिलासात घातले, दोन्ही हातांनी हलवले आणि ओतले. लाल चार, पांढरा सहा. ती वाकून बघत राहिली. मग दोन्हीवर पालथा तळवा ठेवून म्हणाली, "बस. आता नको टाकू. आता मी चांगली हाय."

मी हसले. जेवायला उठवलं. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर फासे नव्हते. विचारलं तर म्हणाली, "मले नाई माहीत," आणि चादर तोंडावर ओढून घेतली.

तिनं ते लपवले, राजदीप. दोन्ही सम पडलेत ते तसेच राहावेत म्हणून. फासेच सापडले नाहीत तर परत कोण टाकणार? पाय फरपटत ती पडवीपर्यंत गेली असेल, कूलरवरची साडी बाजूला केली असेल, आणि लाल आत टाकला असेल. सापशिडी तिला इतकी आवडायची, तरी त्यानंतर तिनं एकदाही खेळूया म्हटलं नाही. मला वाटलं, दमली असेल.

लाल तिथं ठेवला. मग पांढरा कुठं? मी सगळी पडवी पालथी घातली. मग आठवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी निघायची तयारी होती. तुझी बॅग तिच्या खाटेशेजारी भरून ठेवली होती. एक आईजवळ आणि एक बाबाजवळ, दूर राजस्थानात. दोघं परत एकत्र पडायलाच नकोत.

बॅगचे कप्पे बघ.

अर्पिता


आर्णी,
१८ एप्रिल

प्रिय राजदीप,

परवा तू फोनवर बोललास ते तुझ्या मानानं भाषणच झालं. आधी मला फक्त आवाज आला, टेबलावर काहीतरी टेकवल्याचा. टक. माझी नजर पडवीच्या दाराकडे गेली. मग तू म्हणालास, "पांढरा माह्याजवळच हाय. नोव्हेंबरपासून. बॅगमंधी सापडला तवा मले वाटलं, तिनं माहा फासा मले वापस केला."

एवढे महिने तू हे खिशात घेऊन हिंडलास? तुझ्या लेकीनं तुझा वाईट फासा तुला परत पाठवला, असं समजून? म्हणून जानेवारीत तिच्या खाटेकडे बघवत नव्हतं तुला? म्हणून नागपूरला आला नाहीस? वेड्या, तो सहा होता. तिनं तुला तिचं चांगलं पडलेलं सांभाळायला दिलं होतं.

तू फोनवर रडलास, आणि मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

काल नागपूरहून फोन आला. तुला लगेच कळवलं नाही, कारण फोनवर तू पुन्हा 'हो', 'बरं' केलं असतंस आणि मला ते सोसलं नसतं. हे बसून वाच. कामावर असशील तर घडी घालून ठेव आणि खोलीवर जाऊन वाच.

दोन्ही विषम.

डॉक्टरीणबाई फार हळू बोलल्या. कायद्यानं वेळ आहे, घाई करू नका, दोघं मिळून ठरवा म्हणाल्या. मी 'हो' म्हटलं, 'बरं' म्हटलं, 'ठेवते' म्हटलं. तुझीच बायको.

आईंना सांगितलं तेव्हा त्या शेंगा निवडत होत्या. मला वाटलं, मिटलेलं बोट उघडून पुन्हा हिशेब करतील. त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हणजे सुरभीवानी?"

"हो."

"नको ठेवू म्हणून राह्यली का तू?"

मी खाली सांडलेल्या शेंगा वेचायला लागले. तर म्हणाल्या, "आपली पोट्टी नऊ वर्षं होती ना वं? हासली, खेळली, मले वाचाले शिकवलं तिनं. ते नऊ वर्षं काय खोटे होते?"

मग त्या पुन्हा शेंगा निवडायला लागल्या. मी शाळेत गेले, पेपर तपासायचे होते. एका पेपरात तोच प्रश्न, दोन फासे एकाच वेळी टाकले असता. पोरानं छत्तीस घरं आखली होती, वाकडीतिकडी, आणि जी नको होती त्यांच्यावर फुल्या मारल्या होत्या. मी बघत बसले. आपणही नऊ घरांवर फुली मारली होती, राजदीप. मी महिनाभरापूर्वी तुला लिहिलं होतं, 'दोन्ही विषम असले तर नाही'. आणि सुरभी त्या नऊ घरांतल्याच एकात राहत होती. तिच्यावर फुली मारल्याशिवाय ती घरं मला खोडता येत नाहीत.

दुसरी कोणी वेगळं ठरवेल, तिचं तिला. तिला मी एका शब्दानं बोलणार नाही. मला जमत नाही.

मला भीती वाटते. खूप वाटते. उशी चावणारं तोंड मी विसरलेले नाही. पण सुरभीचं आपल्याला चौथ्या वर्षी कळलं, तोवर आपण वाढीच्या कळा म्हणून तेल चोळत होतो. याचं जन्माआधी माहीत आहे. डॉक्टरीणबाईंना मी पुन्हा फोन करून विचारलं. गोळ्या लहानपणापासून सुरू करता येतात, लसी आहेत, ताप आला की धावायचं हे आता आपल्याला कोणी शिकवायला नको. सगळं टळेल असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही म्हणत नाही.

वर्गात मी सांगते ते अर्धंच असतं. फासे हातात असतात तोवर चारात एक, छत्तीसात नऊ. पाटावर पडले की संभाव्यता संपते. मग जे पडलंय ते पडलंय, आणि त्याच्याशी खेळायचं असतं. सुरभी म्हणाली होती परत टाक, आपण टाकले, आपल्याला नकळत का होईना. तेच पडलं. आता या पोटातल्यावर मी तळवा ठेवते आणि तिचंच म्हणते: बस, आता नको टाकू.

जयंतीला तू पहिल्यांदाच घरी नव्हतास. मिरवणूक दारावरून गेली, आईंनी तुझ्या वाटची खीर काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दीपाला दिली. रजा माग. मिळाली नाही तर बिनरजेचा ये. पांढरा घेऊन ये, रिकाम्या हातानं येऊ नको. लाल मी धुऊन सापशिडीच्या डब्यात ठेवला आहे, चार वर करून.

कपड्यांची दोरी पुन्हा त्याच स्टँडला बांधली आहे. आज दुपारी चांगला वारा सुटला. चादरी फुगल्या, स्टँड डुगडुगलं. आई दाराला कान लावून बराच वेळ उभ्या होत्या. मी हातातलं काम ठेवून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. काहीच वाजलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "थांबली वं पोट्टी," आणि दार उघडून वाळलेले कपडे काढायला गेल्या.

तुझी,
अर्पिता